‘झालं गेलं विसरून जा’ हा सल्ला का चालत नाही? – शेल शॉक ते पीटीएसडी

युद्धावरून परतलेल्या माणसाला घरातले सगळे एकच सांगतात, “झालं गेलं विसरून जा.” सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण हा सल्ला बहुतेक वेळा लागू पडत नाही आणि वैद्यकशास्त्राला हे कळायला बराच काळ लागला. आज त्याचीच गोष्ट समजून घेऊया.

आधी दोष हृदयाला दिला

१८७१ साली जेकब दा कोस्टा या अमेरिकन डॉक्टरांनी तिथल्या यादवी युद्धातील सैनिकांवर लेख लिहिला. धडधड, छातीत दुखणं, धाप लागणं अशा तक्रारी, पण तपासणीत हृदयाचा ठोस आजार सापडेना. या त्रासाला ‘सोल्जर्स हार्ट’, म्हणजे सैनिकाचं हृदय, असं नाव पडलं.

मग तोफगोळ्याला

पहिल्या महायुद्धात १९१५ साली चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तीन सैनिकांची माहिती दिली. तोफगोळा जवळ फुटल्यावर त्यांची स्मृती, दृष्टी, वास आणि चव यांवर परिणाम झाला होता. ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय लेखनात आला तो इथून. स्फोटाच्या हादऱ्याने मेंदूला इजा होते, असा समज होता. पण लवकरच लक्षात आलं की ज्यांच्या जवळपास गोळा फुटलाच नव्हता, त्यांनाही हाच त्रास होतोय! म्हणजे जखम शरीराला नव्हती, मनाला होती.

हे मान्य करणं सैन्याला जड गेलं. शरीराला जखम झाली तर तो वीर, मनाला झाली तर भित्रा, अशी समजूत होती. पळून जाणं, भित्रेपणा अशा आरोपांखाली गोळ्या घातलेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या ३०६ सैनिकांना २००६ साली मरणोत्तर माफी मिळाली. त्यांच्यापैकी काहींना शेल शॉक असावा, असं आज मानलं जातं.

रिव्हर्स यांचं वेगळं म्हणणं

एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डॉ. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स अधिकाऱ्यांवर उपचार करत. त्यांचे रुग्ण दिवसभर आठवणी दाबून ठेवत आणि रात्री भयंकर स्वप्नांनी दचकून उठत. रिव्हर्स यांनी १९१७ साली मांडलं की त्रासाचं एक कारण ही दडपणूकच आहे. ते रुग्णाला विश्वासात घेऊन बोलतं करत. साध्या शिपायांच्या वाट्याला मात्र काही ठिकाणी विजेचे झटके आले.

याच युद्धात आपली माणसंही होती. मेसोपोटेमियातल्या कूत इथे १९१६ साली उपासमारीने शरण जावं लागलेल्या ‘पूना डिव्हिजन’मध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. वेढा, भूक आणि मग तुर्कांची कैद. यातून जे घरी परतले, त्यांच्या मनात काय राहिलं असेल, याचा विचार करून पाहा.

अखेर योग्य नाव मिळालं

व्हिएतनाम युद्धानंतर, १९८० साली, अमेरिकन मानसोपचार संघटनेने पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा तणावविकार, आपल्या आजारांच्या यादीत घेतला. ‘या माणसात काय उणीव आहे?’ याऐवजी ‘या माणसावर काय प्रसंग आला?’ हा प्रश्न आता महत्त्वाचा ठरला.

मेंदूत नेमकं काय होतं?

साधी आठवण ‘हे पूर्वी घडलं’ अशा शिक्क्यानिशी साठते. तीव्र भीतीच्या क्षणी हा शिक्का नीट बसत नाही. म्हणून फटाका वाजला की मेंदूतलं धोक्याची सूचना देणारं केंद्र, अमिग्डाला, जणू रणांगण आत्ताच समोर आहे असा इशारा देतं. अशा माणसाला ‘विसर’ म्हणणं म्हणजे ताप आलेल्याला ‘गार हो’ म्हणण्यासारखं आहे.

तुम्ही काय कराल?

तुमच्या घरात निवृत्त सैनिक असेल, किंवा अपघात, दंगल, भूकंप यांतून वाचलेलं कुणी असेल, तर या खुणा ओळखा: तेच ते स्वप्न, लहान आवाजाने दचकणं, त्या विषयाची टाळाटाळ, विनाकारण चिडचिड, माणसांपासून तुटणं. महिन्याहून जास्त काळ हे चाललं तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आघातावर केंद्रित समुपदेशनाने आणि गरज पडल्यास औषधांनी अनेकांना चांगला आराम पडतो. प्रसंग होऊन पुष्कळ वर्षं झाली असली तरी उपचार घेता येतात. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

आणि एक लक्षात ठेवा. “सांग ना काय झालं” असा आग्रहही धरू नका. त्रास कमी करण्यासाठी दारूचा आधार घेतला जात असेल तर डॉक्टरांना तेही सांगा. “विसरून जा” ऐवजी इतकंच म्हणा, “तुम्हाला वाटेल तेव्हा बोला, मी ऐकतोय.”