खाड्याचे पैसे

'खाडा' हा शब्द ज्यांनी घरात ऐकला आहे त्यांना तो समजावून सांगावा लागत नाही. रोजावर जाणाऱ्या माणसाचा एक दिवस चुकला की हजेरीपटावर खाडा पडतो आणि पगाराच्या दिवशी तेवढे पैसे कमी हातात येतात. आजारी असा, बहिणीच्या लग्नाला गेलेले असा, नाहीतर पाय मोडलेला असो. इंग्लंडच्या उत्तरेतल्या गिरण्यांत आणि कोळशाच्या खाणींत हाच हिशोब चालायचा, आणि रग्बी लीग हा खेळ या हिशोबावरून झालेल्या भांडणातून जन्माला आला. आज तोच खेळ मेंदूच्या दुखापतींमुळे कोर्टकचेऱ्यांत आणि संसदेच्या समित्यांत अडकला आहे. मी कामगारांच्या इतिहासावर काम करते, त्यामुळे असेल कदाचित, पण मला ही दोन्ही भांडणं एकच वाटतात.

तुम्ही सिडनी, ब्रिस्बेन किंवा लीड्सच्या आसपास राहत असाल तर हा खेळ तुमच्या शेजाऱ्यांच्या बोलण्यात रोज येत असेल, कदाचित मुलांच्या शाळेतही असेल. दुबई किंवा न्यू जर्सीतल्या वाचकांसाठी थोडं सांगते. रग्बीचे दोन पंथ आहेत. पंधरा जणांचं 'युनियन' आणि तेरा जणांचं 'लीग'. लीगमध्ये चेंडू घेऊन धावणाऱ्याला समोरच्यांनी पकडून पाडायचं, त्याने उठून चेंडू पायाने मागे सरकवायचा, पुन्हा धावायचं. असं सहा वेळा झालं की चेंडू दुसऱ्या संघाकडे. आपली कबड्डीतली पकड डोळ्यांसमोर आणा. फक्त चढाई करणारा शंभर किलोचा आहे, दहा मीटर अंतरावरून जोरात धावत येतो आहे, आणि त्याला धरणारे दोघे-तिघेही तितक्याच जोरात त्याच्यावर येत आहेत. आघाडीच्या फळीतला एकेक खेळाडू एका सामन्यात चाळीस-चाळीस टॅकल करतो. दर आठवड्याला, वर्षाचे सहा-सात महिने.

आता मागे जाऊ. १८९०च्या दशकात यॉर्कशायर आणि लँकेशायरमधले रग्बी खेळाडू बहुतेक गिरणीकामगार, खाणकामगार, गोदीतले हमाल. खेळावर सत्ता मात्र लंडनच्या रग्बी फुटबॉल युनियनची, म्हणजे मोठ्या खासगी शाळांत शिकलेल्या सधन मंडळींची. शनिवारी सकाळी उत्तरेतला मजूर कामावर असायचा. बाहेरगावी सामना असेल तर काम सोडून निघायचं, म्हणजे खाडा. उत्तरेतल्या क्लबांचं म्हणणं साधं होतं: खेळाडूला खेळायचे पैसे नकोत, पण त्याची बुडालेली मजुरी तरी देऊ द्या. १८९३ साली लंडनच्या सभेत यॉर्कशायरच्या प्रतिनिधींनी हा ठराव मांडला. तो २८२ विरुद्ध १३६ मतांनी पडला. खेळ हौसेसाठी असतो, ज्याला परवडत नाही त्याने खेळू नये, असा एकंदर सूर होता. दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ रोजी, हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेतले वीसेक क्लब जमले आणि त्यांनी 'नॉर्दर्न युनियन' ही वेगळी चूल मांडली. खाड्याचे दिवसाला सहा शिलिंग ठरले. हेच पुढे रग्बी लीग.

हडर्सफील्डला भांडण बुडालेल्या वेळेचं होतं. सिडनीत ते शरीराचं झालं. १९०७ मध्ये ॲलेक बर्डन नावाच्या खेळाडूला रग्बी खेळताना खांद्याला जबर दुखापत झाली आणि त्याचा रोजगार बुडाला. संघटनेने त्याला काही दिलं नाही. त्याच वर्षी सिडनी क्रिकेट मैदानावर एका सामन्याला पन्नास हजारांवर लोक तिकीट काढून आले होते, म्हणजे पैशांची चणचण नव्हती. या नाराजीला तोंड फोडायला जी माणसं एकत्र आली त्यांच्या बैठका ज्या दुकानात भरत ते खेळाच्या सामानाचं दुकान व्हिक्टर ट्रंपरचं होतं. होय, तोच ट्रंपर, ऑस्ट्रेलियाचा महान फलंदाज. ऑगस्ट १९०७ मध्ये न्यू साउथ वेल्स रग्बी लीग स्थापन झाली तेव्हा तो तिचा खजिनदार झाला. बर्डनच्या खांद्याची गोष्ट नंतर थोडी दंतकथेसारखी झाली आहे, फुटीला इतरही कारणं होती. तरीही आपल्या जन्माची गोष्ट म्हणून या खेळाने कुठली गोष्ट जपली, ते लक्षात घेण्यासारखं आहे: एक माणूस जखमी झाला आणि त्याची भरपाई कोणी केली नाही.

एवढी पार्श्वभूमी असलेल्या खेळाने दुखापतींची काळजी घेतली असेल असं वाटेल. झालं उलटंच. सहन करणं हाच या खेळाचा धर्म बनला.

४ जुलै १९१४ चा सिडनीतला कसोटी सामना ब्रिटनमध्ये 'रोर्क्स ड्रिफ्ट कसोटी' म्हणून ओळखला जातो. ब्रिटनचे एकामागून एक खेळाडू जखमी होऊन बाहेर गेले. बदली खेळाडूची सोयच नव्हती. दहा जण तेरा जणांशी लढले आणि १४-६ असे जिंकले. बाहेर नेलेल्यांपैकी बिली हॉलला कन्कशन झालं होतं, म्हणजे मेंदूला हादरा बसला होता. जरा सावरल्यावर तो परत मैदानात उतरला. शंभर वर्षं ही कथा पराक्रमाची म्हणून सांगितली गेली. १९७० च्या सिडनीच्या अंतिम सामन्यात साउथ सिडनीचा कर्णधार जॉन सॅटलर याचा जबडा सुरुवातीच्याच मिनिटांत एका ठोशाने मोडला. आपण कोसळलो हे प्रतिस्पर्ध्यांना कळू नये म्हणून त्याने सोबत्याला आपल्याला धरून ठेवायला सांगितलं आणि उरलेला सगळा सामना तसाच खेळला. २३-१२ असा विजय मिळाला. सॅटलर मार्च २०२३ मध्ये, ऐंशीव्या वर्षी वारला. अखेरच्या काळात त्याला स्मृतिभ्रंश होता. त्याचा संबंध त्या एका ठोशाशी जोडणं चुकीचं होईल, आणि मी तो जोडत नाही. पण त्याच्या मृत्युलेखांत जबडा आणि स्मृतिभ्रंश शेजारी-शेजारी आलेले वाचताना अस्वस्थ व्हायला होतं.

हे शौर्य नुसतं रक्तातून येत नाही, त्यामागे नियमांचा आणि पैशांचा हात असतो. बदली खेळाडू नसेल तर बाहेर जाणं म्हणजे सोबत्यांना उघड्यावर टाकणं. १९६३-६४ च्या सुमारास दोन्ही देशांत जखमी खेळाडूच्या जागी दुसरा उतरवायची मुभा आली, तीही सुरुवातीला फक्त मध्यंतरापर्यंत. ब्रिटनमध्ये कित्येक दशकं खेळाडूंना सामन्यागणिक पैसे मिळत, जिंकलं तर जास्त, हरलं तर कमी, खेळलाच नाहीत तर काही नाही. डोकं गरगरतंय असं डॉक्टरला सांगणं म्हणजे पुढच्या शनिवारचा खाडा स्वतःच्या हाताने मांडणं. मग कोण सांगेल? जो खेळ खाड्याविरुद्ध उभा राहिला त्याने खेळाडूच्या हजेरीपटावर खाडा कायम ठेवला.

नंतर बदल्यांची संख्या वाढली, पण तीही मोजूनमापून. ऑस्ट्रेलियाच्या एनआरएलमध्ये २००१ पासून सामन्यात बारा बदल्या, २००८ पासून दहा, २०१६ पासून आठ. खेळाडू थकले की खेळ मोकळा होतो, प्रेक्षकांना मजा येते, हे त्यामागचं गणित. आता प्रशिक्षकाच्या जागी स्वतःला ठेवा. एका खेळाडूला टॅकलनंतर उभं राहताना क्षणभर तोल सांभाळता आला नाही. त्याला बाहेर काढावं तर एक बदली खर्च. डॉक्टर बाजूला उभा आहे, त्याचा पगार तुमच्याच क्लबकडून. २०१४ मध्ये एनआरएलने नियम केला की डोक्याच्या तपासणीसाठी बाहेर गेलेल्याच्या जागी येणारा खेळाडू बदल्यांत मोजायचा नाही; पंधरा मिनिटं तपासणी, नापास झाला तर त्या दिवशी परत मैदानात नाही. कागदावर ही किरकोळ दुरुस्ती दिसते. माझ्या मते ती शंभर वर्षांतल्या सगळ्या धैर्यकथांपेक्षा मोठी आहे, कारण तिने प्रामाणिकपणाची किंमत कमी केली. पुढे वेगवेगळ्या कोनांतून चित्रण पाहणारा, क्लबचा पगार न घेणारा डॉक्टरही आला, आणि खांदा आदळून पाडण्यावर २०१३ च्या हंगामापासून बंदी होतीच. तरी सवयी लवकर जात नाहीत. त्याच २०१४ च्या अंतिम सामन्यात सॅम बर्जेसचं गालाचं हाड पहिल्याच टॅकलमध्ये मोडलं, तो शेवटपर्यंत खेळला आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. सॅटलरची आठवण साऱ्यांनी काढली, कौतुकाने.

मेंदूचा विषय जबड्याहून अवघड आहे, कारण मोडलेलं हाड दिसतं. वारंवारच्या आघातांनी होणारा सीटीई हा विकार हळूहळू वाढतो. मेंदूत 'टाऊ' नावाचं प्रथिन साचत जातं, स्मृती, संयम, मनःस्थिती ढासळते, आणि पक्कं निदान मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं. मुष्टियोद्ध्यांमधली याची लक्षणं १९२८ मध्ये हॅरिसन मार्टलंडने नोंदवली होती, म्हणजे वैद्यकाला हे अगदीच नवीन नव्हतं. रग्बी लीगमध्ये मात्र पहिला पुरावा २०१९ मध्ये आला. सिडनीतल्या मायकेल बकलंड आणि सहकाऱ्यांनी प्रत्येकी १५० हून अधिक सामने खेळलेल्या दोन माजी खेळाडूंच्या मेंदूंत सीटीई आढळल्याचं प्रसिद्ध केलं. त्यातला एक स्टीव्ह फोक्स असल्याचं त्याच्या कुटुंबाने स्वतः सांगितलं. कँटरबरीसाठी चार विजेतेपदं खेळाडू म्हणून, एक प्रशिक्षक म्हणून. २०१८ मध्ये ५९ व्या वर्षी निधन. २०२३ मध्ये क्वीन्सलंडचा लाडका 'किंग' वॉली लुईस याने आपल्याला सीटीई असण्याची दाट शक्यता डॉक्टरांनी सांगितल्याचं जाहीर केलं. इंग्लंडमध्ये बॉबी गोल्डिंगला ४९ व्या वर्षी स्मृतिभ्रंशाचं निदान झालं आणि २०२१ पासून तो आणि इतर माजी खेळाडू तिथल्या संघटनेविरुद्ध कायदेशीर लढाईत उतरले. इथे सावधगिरी हवी. मेंदूदान करणारी कुटुंबं बहुतेक वेळा आधीच काळजीत असलेली असतात, त्यामुळे या आकड्यांवरून एकूण खेळाडूंपैकी किती जणांना हा विकार होतो ते काढता येत नाही. आणि धोका फक्त उघड कन्कशनचा नाही. चाळीस टॅकलमधले एकही लक्षण न दाखवणारे छोटे हादरेही साचत जातात. (मुलांसाठी आपण हौसेने घेतो ती मऊ टोपी कान आणि कातडी वाचवते, मेंदूचा हादरा थांबवत नाही. कवटीच्या आत मेंदू हलतो, त्याला बाहेरून मऊ अस्तर लावून काय होणार?)

मग भरपाईचं काय? इथे कायद्याच्या इतिहासातली एक विसंगती मला राहून राहून खटकते. १९१० च्या 'वॉकर विरुद्ध क्रिस्टल पॅलेस' खटल्यात इंग्लंडच्या अपील न्यायालयाने म्हटलं की गुडघा दुखावलेला व्यावसायिक फुटबॉलपटू कामगार भरपाई कायद्याखाली कामगारच आहे. खेळ असला म्हणून काय झालं, करार आहे, पगार आहे, हुकूम पाळावा लागतो. आणि जिथे बर्डनच्या खांद्यावरून रग्बी लीग उभी राहिली त्या न्यू साउथ वेल्सचा १९९८ चा कायदा 'कामगार' या व्याख्येतून नोंदणीकृत खेळाडूंना खेळताना, सराव करताना, प्रवास करताना वगळतो. जॉकी त्यात येतो. पैसे घेऊन लढणारा मुष्टियोद्धा येतो. एनआरएलचा खेळाडू येत नाही. आजच्या खेळाडूला करार चालू असेपर्यंत जखमी असतानाही पैसे मिळतात, १९०७ पेक्षा ही मोठी प्रगती आहे. पण हा विकार करार संपल्यावर दहा-वीस वर्षांनी दार ठोठावतो. त्या वेळी तो कोणाचाच कामगार नसतो.

ऑस्ट्रेलियाच्या सिनेट समितीने सप्टेंबर २०२३ च्या अहवालात तेरा शिफारशी केल्या. हे वगळणं कसं दूर करता येईल याचा विचार राज्य सरकारांनी खेळसंघटनांसोबत करावा, ही त्यांतलीच एक. जॉर्ज हॉटेलात बसलेल्यांना ती लगेच कळली असती.

मुलं खेळत असतील अशा वाचकांसाठी शेवटी एवढंच. ऑस्ट्रेलियाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शाळा आणि हौशी क्लबमधल्या मुलाला कन्कशननंतर किमान २१ दिवस सामना खेळता येत नाही, आणि त्याआधी १४ दिवस लक्षणांशिवाय गेल्याखेरीज धक्काबुक्कीचा सरावही नाही. ब्रिटनमध्येही तळागाळातल्या खेळासाठी २१ दिवसच आहेत. एनआरएलमध्ये २०२३ पासून किमान ११ दिवसांची सक्ती आहे, आणि स्वतंत्र तज्ज्ञाने हिरवा कंदील दाखवला तर तीही शिथिल होते. व्यावसायिकांच्या दिमतीला डॉक्टरांचा ताफा असतो, म्हणून मुदत कमी, असं कारण दिलं जातं, आणि त्यात तथ्य आहे. तरी २१ मधून ११ वजा करून पाहा. उरलेल्या दहा दिवसांत एनआरएलचा एक सामना बसतो.