गाल बसणे व त्यावरील उपचार (धाराशिव जिल्हा)

गाल बसणे : वाढत्या वयात चेहऱ्याचा भरीवपणा ओसरणे. कानशिलांना खळगे पडतात, डोळ्यांखाली चर उमटते, गालांचा उंचवटा जातो आणि नाकपुडीपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतची घडी ठळक होते. याचे मूळ कातडीपेक्षा खोल असते. चेहऱ्यावरची चरबी सलग नसून कप्प्याकप्प्यांनी विभागलेली असते, हे रॉड रोरिक व जोएल पेसा यांनी २००७ मध्ये शवविच्छेदनाच्या आधारे मांडले. वयानुसार यांतले काही कप्पे आटतात, काही खाली घसरतात. शिवाय हाडही झिजते : डोळ्याची खोबण रुंदावते, वरचा जबडा मागे सरतो, खालच्या जबड्याची उंची घटते. सावळ्या त्वचेत बारीक सुरकुत्या तुलनेने उशिरा येतात, म्हणून आपल्याकडे वयाची पहिली खूण पुष्कळदा बसलेल्या गालांतच दिसते. वर्षानुवर्षे रानात उन्हात राबणाऱ्यांची त्वचा मात्र लवकर ढिली पडते आणि आतली पोकळी अधिक उघडी पडते.

धाराशिव जिल्ह्यात या उपचारांचा विचार दातांपासून सुरू व्हायला हवा, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. दात गेला की त्याला धरून ठेवणारे जबड्याचे हाड विरघळू लागते; पहिल्या वर्षात ही झीज सर्वांत वेगाने होते. ओठांचा आधार जातो, हनुवटी नाकाकडे सरकते आणि तोंडाचे बोळके होते. ग्रामीण महाराष्ट्रात बायकांमध्ये मिश्री लावण्याची सवय आजही आहे. भाजलेल्या तंबाखूची ती भुकटी हिरड्या पोखरते, तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढवते आणि दातही अकाली घालवते. अशा चेहऱ्यावर गालांत इंजेक्शन देण्याआधी चांगली कवळी बसवणे हाच खरा उपचार होय.

कवळी बनवताना दंतवैद्य प्रथम हिरड्यांचे माप घेतो आणि त्यावरून मेणाची कड बनवून ती तोंडात घालून पाहतो. ओठ आत वाटला तर पुढच्या बाजूला थोडे मेण चढवतो, फुगीर वाटला तर खरवडतो. रुग्णाला बोलायला, हसायला सांगून बाजूने ओठांची रेघ न्याहाळतो. ही कड जेमतेम काही मिलिमीटर बाहेर आली तरी वरच्या ओठाभोवतीचा भाग भरून येतो. मेणात दात लावून पुन्हा एकदा तोंडात पाहण्याची पायरी असते. तेव्हा घरातल्या कोणाला तरी सोबत न्यावे आणि जे खटकते ते तिथेच सांगावे. कवळी पक्की झाल्यावर हा बदल अवघड होतो.

दोन-तीन महिन्यांत गाल एकाएकी बसले, तर तो वयाचा परिणाम मानू नये. क्षयरोग, अनियंत्रित मधुमेह, थायरॉइडचा विकार किंवा कर्करोग यांची तपासणी आधी करावी. एचआयव्हीवरील स्टॅव्हुडीन या जुन्या औषधानेही गालांची चरबी झडत असे. ते औषध आता वापरातून गेले आहे. गाल भरून काढणाऱ्या पॉली-एल-लॅक्टिक आम्लाच्या इंजेक्शनला अमेरिकेत २००४ मध्ये पहिली मान्यता मिळाली ती एचआयव्हीच्या अशाच रुग्णांसाठी.

भराव घालण्यासाठी सर्वाधिक वापर हायल्युरॉनिक आम्लाच्या फिलरचा होतो. हा पदार्थ शरीरात मुळातच असतो. कार्ल मेयर व जॉन पामर यांनी तो १९३४ मध्ये गाईच्या डोळ्यातून वेगळा केला. आज तो जिवाणूंच्या किण्वनातून मिळवतात आणि लवकर विरघळू नये म्हणून त्याचे रेणू एकमेकांत गुंफतात. परिणाम साधारण सहा महिने ते दीड वर्ष टिकतो. याचा मोठा गुण असा की, चुकले तर हायल्युरोनिडेज या विकराने तो विरघळवता येतो. कॅल्शियम हायड्रॉक्सीअपेटाइट व पॉली-एल-लॅक्टिक आम्ल सहसा अधिक टिकतात, पण त्यांना असा उतारा नाही. पोटाची किंवा मांडीची चरबी काढूनही गालांत भरतात; शरीराच्या दुसऱ्या भागातली चरबी चेहऱ्यात भरण्याची पद्धत १८९३ पासून ज्ञात आहे. ते काम प्लास्टिक सर्जनचे. भरलेल्या चरबीतली किती तगेल हे आधी सांगता येत नाही. क्रीम किंवा मालिशने पोकळी भरत नाही. अल्ट्रासाउंडने कातडी आवळणारी यंत्रे तर कृश चेहऱ्यावरची उरलीसुरली चरबीही घटवू शकतात.

फिलर रक्तवाहिनीत शिरल्यास कातडी मरू शकते. भुवयांमधला भाग व नाक या जागा विशेष धोक्याच्या, कारण तिथून डोळ्याच्या रक्तवाहिनीपर्यंत फिलर पोहोचून कायमचे अंधत्व येऊ शकते. दृष्टिपटल रक्तावाचून फार तर तास-दीड तास तग धरते आणि जिल्ह्यातल्या उमरग्याहून सोलापूर गाठण्यातच एवढा वेळ जातो. म्हणून ज्या दवाखान्यात हायल्युरोनिडेज हाताशी नाही, तिथे फिलर घेऊच नये. टोचल्यावर कातडी पांढरी पडणे, जाळीदार निळसर डाग, तीव्र वेदना, अंधुक दिसणे यांपैकी काहीही झाले तर त्याच क्षणी डॉक्टरांना सांगावे. हे काम ब्यूटी पार्लरचे नाही. त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन यांचेच आहे. सुईविना दाबाने फिलर सोडणाऱ्या पेनांविरुद्ध अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये इशारा दिला आहे.

धाराशिव येथे २०२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गाल का बसले याचे निदान सरकारी रुग्णालयात होऊ शकते; फिलरसाठी मात्र खासगी दवाखानाच गाठावा लागतो आणि अनेकांना त्यासाठी सोलापूर, लातूर किंवा पुण्याला जावे लागते. १ मिलिलिटरच्या एका सिरिंजला वीस हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. रोजगार हमीच्या २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने ती दोन महिन्यांहून अधिक दिवसांची मजुरी होते आणि दोन्ही गालांना एक सिरिंज क्वचितच पुरते. आरोग्य विम्यात सौंदर्योपचार धरले जात नाहीत. त्यांच्यावर वस्तू व सेवा कर लागतो. अपघात, इजा किंवा जन्मजात व्यंगामुळे बिघडलेली ठेवण पूर्ववत करण्याच्या उपचारांना त्यातून सूट आहे.