बे त्रिक सहा

१९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले तेव्हा मी शाळेत होतो. 'केलें', 'झालें' यांच्या डोक्यावरचे टिंब गेले. वाचनालयातली पुस्तके मात्र जुनीच. आम्ही टिंबवाले वाचायचो, बिनटिंबाचे लिहायचो, कुणाचे काही अडले नाही. माणूस सांभाळून घेतो. यंत्र घेत नाही, हे मला पुण्यातल्या पुतण्याकडून कळले. तो प्रोग्रामर. त्याची उमेदीची वर्षे 'पायथन' या संगणकभाषेच्या दोन आवृत्त्या सांभाळण्यात गेली.

गिदो व्हान रॉसम या डच गृहस्थाची ही भाषा १९९१ मध्ये लोकांपुढे आली. ३ डिसेंबर २००८ ला तिसरी आवृत्ती निघाली, ती जाणूनबुजून जुनीशी न जुळणारी. ७ भागिले २ केले की जुनी ३ सांगे, नवी साडेतीन सांगते. प्रोग्राम तोच, उत्तर वेगळे, आणि कुठे बिघडले याची सूचनाही नाही!

पण खरी भानगड अक्षरांची. जुनीत साधा मजकूर म्हणजे बाइटांची माळ. इंग्रजी अक्षर एका बाइटात बसते, देवनागरीला युटीएफ-८ मध्ये तीन लागतात. म्हणून आमच्या 'एकोडी'ची लांबी जुनी १५ सांगायची. युनिकोडची सोय होती, पण ती वेगळी सांगावी लागे. नवी ५ सांगते: ए, क, ओकार, ड, ईकार. पहिलीतला पोरगा तीनच म्हणेल. असो. पंधरावरून पाचावर आलो, हेही थोडे नाही.

नवी आली तरी जुनी सोडता येईना. एका प्रोग्रामच्या पोटात दुसऱ्यांचे दहा असतात, त्यातला एक मागे राहिला की सगळे अडते. मग दोन्हींत चालेल असे लिहायचे. त्यासाठी बेंजामिन पीटरसनने 'सिक्स' नावाचे साधन केले. नाव का? बे त्रिक सहा! आमचा पाढा तिकडेही चालतो बघा. जुनीला २०१५ मध्ये निरोप द्यायचा होता, पण २०१४ मध्ये मुदत २०२० पर्यंत वाढवली. शेवटची २.७.१८ एप्रिल २०२० मध्ये निघाली.

पुतण्याच्या एका गिऱ्हाइकाकडे पगाराचा प्रोग्राम अजून जुन्यातच चालतो. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला. "काका, त्यातला प्रत्येक भागाकार तपासल्याशिवाय मी हात लावणार नाही," पुतण्या म्हणतो. तिथे अर्ध्या दिवसाची हजेरी लागते, आणि ती कुणाची तरी मजुरी असते.