पाण्यातील बुडबुडे आणि उजेडाचे माप

तळ्यातून आणलेली हायड्रिलाची फांदी, पाण्याने भरलेले चंचुपात्र, उपडे नरसाळे आणि त्यावर परीक्षानळी, एवढ्या साहित्याचा प्रयोग आपल्या बहुतेक विद्यार्थ्यांनी वहीत उतरविलेला असतो. परंतु या बुडबुड्यांमागे दीडशे वर्षांची शोधयात्रा आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

इ. स. १७७१ मध्ये इंग्लंडमधील जोसेफ प्रिस्टले यांनी दाखविले की, मेणबत्ती जळून बिघडलेली हवा पुदिन्याच्या रोपामुळे पुन्हा सुधारते. शोध मोठा होता. पण इतरांनी तो पडताळून पाहिला तेव्हा हवा कधी सुधारे, तर कधी अधिकच बिघडे. पुढे खुद्द प्रिस्टले यांनाही तोच अनुभव आला. मग मूळ प्रयोगच खोटा म्हणावयाचा काय?

हे कोडे यान इंगेनहौझ या डच वैद्याने सोडविले. ते व्हिएन्नाच्या दरबाराचे राजवैद्य होते. १७७९ च्या उन्हाळ्यात लंडनजवळ घर भाड्याने घेऊन त्यांनी पाचशेहून अधिक प्रयोग केले. हिरवी पाने पाण्यात बुडवून उन्हात ठेवली की बुडबुडे येत. अंधारात ते थांबत. नुसत्या उबेने काम भागत नसे, प्रकाशच लागे. अंधारात वनस्पती उलट हवा बिघडवितात, हेही त्यांनी सिद्ध केले. प्रिस्टले यांचा प्रयोग खोटा नव्हता. रोपाला उजेड किती मिळाला, याकडेच कोणाचे लक्ष गेले नव्हते.

मग पुढचा प्रश्न आला : उजेड वाढवीत गेल्यास प्राणवायूही वाढतच जाईल काय? १९०५ मध्ये एफ. एफ. ब्लॅकमन यांनी याचे उत्तर दिले. वाढ एका मर्यादेपर्यंतच होते. त्यानंतर कार्बन डायऑक्साइड किंवा तापमान कमी पडत असेल, तर कितीही उजेड दिला तरी वेग वाढत नाही. चिमूटभर खाण्याचा सोडा पाण्यात टाकताच बुडबुडे वाढतात, त्याचे मर्म यातच आहे.

आपल्या देशाचाही या कार्यात वाटा आहे. कलकत्त्यात जगदीशचंद्र बसू यांनी याच हायड्रिलावर संशोधन केले, बुडबुड्यांची आपोआप नोंद घेणारे यंत्र बनविले आणि १९२४ मध्ये या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

आषाढातील ढगाळ दिवशी वर्गात बुडबुडे आले नाहीत, तर पुस्तकातील उत्तर वहीत उतरवून मोकळे होऊ नये. दिवा जवळ आणावा, अंतर मोजावे, दर मिनिटाचे बुडबुडे मोजून लिहावेत. छोट्या दिव्याचे अंतर दुप्पट केले, तर फांदीवर पडणारा उजेड सुमारे चौथाई होतो. त्याचा परिणाम विद्यार्थ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. फसलेल्या प्रयोगाचे कारण शोधले गेले, म्हणूनच हे ज्ञान आपल्या हाती आले. विद्यार्थ्यांना ही सवय लागली, तर प्रयोगशाळेचा खर्च सार्थकी लागला असे म्हणता येईल.