आधी पुस्तक, मग पत्ता

आमच्या चिंचणीत सध्या एक बेत शिजतोय. आईबाबांनी आणि मुलांनी मिळून पुस्तकं वाचायची, आणि मग दुसऱ्या गावातल्या अशाच मुलांशी पत्रमैत्री करायची. पण नुसता पत्ता मिळाला म्हणून पत्र सुचतं का हो? 'मी मजेत, तू कसा आहेस' इथेच पेन अडतं. आमच्या भाषेत, कनेक्शन आहे पण डेटाच नाही!

जुनी पत्रं बघा. १९२८ च्या उन्हाळ्यात दहा वर्षांची इंदिरा मसुरीत, नेहरू अलाहाबादला. त्यांनी खुशालीवर न थांबता पृथ्वी कशी झाली, माणूस कुठून आला, हे लिहिलं. १९२९ मध्ये त्याचं पुस्तक झालं.

आपल्याकडे साने गुरुजींची 'सुंदर पत्रे'. १५ ऑगस्ट १९४८ ला त्यांनी 'साधना' साप्ताहिक काढलं आणि पुतणी सुधाला लिहिलेली पत्रं त्यात छापली. मायना एका मुलीचा, वाचणार मात्र घरोघरची लहानथोर मंडळी. घरच्यांनी मुलांसोबत वाचायचं, ते हेच की!

म्हणून आधी दोन्ही गावांनी एकच पुस्तक वाचावं. मोठ्यांनी शेजारी बसावं, पण प्रश्न मुलानेच लिहावा, तोही पोस्टकार्डावर. १ जुलै १८७९ पासून ते आपल्याकडे आहे. जागा कमी, त्यामुळे धास्तीही कमी.

मैत्री जमली तर उत्तमच. नाही जमली, तरी एक पुस्तक घरात मिळून वाचून झालेलं असेल.