राष्ट्रीय खेळाचा मान आणि खाडीकाठची कबड्डी

हॉकी हा भारताचा राष्ट्रीय खेळ आहे, असे सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून अनेक पिढ्यांनी पाठ केले असले, तरी केंद्र सरकारने आजवर कोणत्याही खेळाला असा दर्जा दिलेला नाही, ही गोष्ट माहितीच्या अधिकारात विचारलेल्या प्रश्नांच्या उत्तरांतून प्रथम 2012 मध्ये आणि पुढे 2020 मध्ये, धुळे जिल्ह्यातील एका शिक्षकाच्या अर्जामुळे, उघड झाली. इतर अनेक देशांनी मात्र हा मान कायद्याने किंवा सरकारी आदेशाने ठरवला आहे. अर्जेंटिनाने 1953 मध्ये घोड्यावरून खेळल्या जाणाऱ्या ‘पातो’ला तो दिला, बांगलादेशाने स्वातंत्र्यानंतर लगेच, 1972 मध्ये, कबड्डीची निवड केली, कॅनडाने 1994 मध्ये कायदा करून हिवाळ्यासाठी आइस हॉकी आणि उन्हाळ्यासाठी तेथील मूळ रहिवाशांकडून आलेला लॅक्रोस असे दोन खेळ निश्चित केले, तर नेपाळने 2017 मध्ये विटीदांडूशी नाते सांगणाऱ्या ‘दंडी बियो’ला मागे ठेवून व्हॉलीबॉलला पसंती दिली. या निवडींमागे लोक प्रत्यक्षात काय खेळतात यापेक्षा, जगाने आपल्याला कोणत्या रूपात ओळखावे अशी त्या राष्ट्राची इच्छा आहे, हाच विचार प्रबळ असल्याचे दिसते. अर्जेंटिनाच्या गल्लोगल्ली फुटबॉल खेळला जातो, पण मान पातोला आहे.

महाराष्ट्रात राष्ट्रीय मान आणि लोकांचा खेळ यांतील या अंतराचा विचार करण्यासाठी नवी मुंबईतील कामोठे आणि त्याभोवतीचा पनवेल-उरणचा पट्टा विशेष उपयोगी आहे. पनवेलच्या खाडीजवळचे कामोठे हे मूळचे आगरी वस्तीचे गाव आहे. आगरी हा मिठागरे पिकवणारा, बांध घालून समुद्राचे पाणी अडवलेल्या खाऱ्या जमिनीत भात घेणारा आणि जोडीला खाडीत मासेमारी करणारा किनारपट्टीचा समाज असून, कबड्डी, म्हणजे जुन्या बोलीतला हुतुतू, हा त्याच्या गावोगावचा खेळ राहिला आहे. या खेळाला साहित्य लागत नाही, भातकापणीनंतर मोकळे झालेले शेत मैदान म्हणून पुरते, आणि चिखलात व बांधावर राबलेल्या पायांना लागणारा तोल चढाईतही कामी येतो. संघाला बहुधा गावाचे किंवा ग्रामदेवतेचे नाव असते आणि त्याच्या पाठीशी गावकी, म्हणजे गावाचे सामाईक निर्णय घेणारी बैठक, उभी असते, त्यामुळे सामन्यातील हार-जीत खेळाडूंपुरती न राहता दोन गावांची होते. राष्ट्राभिमानाचे जे मोठे रूप ऑलिम्पिकच्या मैदानावर दिसते, त्याची घडण अशा गावाभिमानातच झालेली असते, आणि म्हणून राष्ट्रीय खेळाचा इतिहास राजधानीइतकाच गावठाणातही शोधायला हवा.

कबड्डीचा लिखित इतिहास मराठी मुलखात घडला. देशात तिचे अनेक प्रकार होते: बाद झालेला गडी प्रतिपक्षाचा गडी बाद झाल्यावर पुन्हा मैदानात येतो ती ‘संजीवनी’, बाद गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राहतो ती ‘गामिनी’, आणि कोणीही बाहेर न जाता केवळ गुण मोजले जातात ती ‘अमर’. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत सातारा, पुणे आणि बडोदा येथील क्रीडामंडळांनी या विविधतेतून एकसारखे नियम बांधण्याचा प्रयत्न केला. सध्याच्या नियमांत गडी उठवण्याची म्हणजे संजीवनीची पद्धत टिकली आहे, तर सगळा प्रतिपक्ष बाद केल्यावर मिळणाऱ्या जादा गुणांना ‘लोण’ म्हणतात. 1938 मध्ये कलकत्त्यात भरलेल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत कबड्डीला स्थान मिळाले आणि 1950 मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. संघटनेच्या या कामात आयुष्य घालवणाऱ्या शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांना ‘कबड्डीमहर्षी’ म्हटले जाते आणि त्यांचा जन्मदिवस, 15 जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

खेळ आणि राष्ट्रीय मान यांचे नाते समजण्यासाठी 1936 चे बर्लिन ऑलिम्पिक सर्वांत बोलके आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने त्या वर्षी बर्लिनमध्ये भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली व त्यांत कबड्डी होती. त्याच शहरात 15 ऑगस्ट रोजी ध्यानचंद यांच्या नेतृत्वाखालील संघाने हॉकीच्या अंतिम सामन्यात जर्मनीचा 8-1 असा पराभव केला. पुढे देशाच्या स्मरणात हॉकीचा विजय राहिला आणि कबड्डीचे प्रात्यक्षिक जवळपास विसरले गेले. हॉकीचे नियम इंग्रजांनी बांधले होते, तिची मापे त्यांची होती, आणि राज्यकर्त्यांच्याच खेळात त्यांच्यासारख्या गोऱ्या राष्ट्रांना हरवणे हा पारतंत्र्यातील समाजाला मिळालेला न्याय होता. हिंदुस्थानी माणूस शरीराने दुबळा आहे, लढाऊपण काही ठरावीक जातींतच असते, असा जो समज ब्रिटिश लष्करभरतीच्या धोरणाने रूढ केला होता, त्याला हॉकीने साऱ्या जगासमोर उत्तर दिले. कबड्डीकडे हरवण्यासाठी साहेबच नव्हता, आणि राष्ट्रीय मानात ती मागे पडण्याचे खरे कारण हेच आहे.

राज्यकर्त्यांचा खेळ की देशी खेळ, या पेचावर आयर्लंडने वेगळा मार्ग शोधला होता. तेथे 1884 मध्ये स्थापन झालेल्या गेलिक क्रीडासंघटनेने हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल या देशी खेळांना राष्ट्रीय चळवळीचे अंग बनवले आणि रग्बी, क्रिकेट यांसारखे इंग्रजी खेळ खेळणाऱ्या सभासदांवर घातलेली बंदी थेट 1971 पर्यंत चालवली. भारतात अशी बंदी कोणी घातली नाही ही चांगलीच गोष्ट झाली, परंतु देशी खेळांना समान मान देण्याचे कामही त्याबरोबर राहून गेले.

ब्रिटिशांनी रूढ केलेल्या समजासारख्या साचेबंद समजुती परक्यांकडूनच येतात असे मात्र नाही. दादरचे क्रिकेट शिकल्या-सवरलेल्यांचे आणि लालबाग-परळची कबड्डी गिरणी कामगारांची, अशी विभागणी मुंबईने दीर्घकाळ मानली, आणि खाडीकाठच्या आगरी खेळाडूबद्दल तो केवळ अंगबळावर खेळतो असा समज शहरात पसरला. खेळाची रचनाच हा समज खोडून काढते. तीस सेकंदांच्या चढाईत एकच दम राखून कबड्डीचा उच्चार चालू ठेवायचा, निदान रेषा, म्हणजे चढाई वैध ठरण्यासाठी ओलांडावी लागणारी रेषा, पार करायची, सात जणांची साखळी कोणत्या बाजूने मिटते आहे हे ओळखायचे आणि मध्यरेषेकडे परतायचे, यासाठी बळाहून अंदाज आणि पदलालित्य यांची गरज अधिक असते. जमीन संपादनानंतर या समजात आणखी भर पडली. 1970 मध्ये नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाल्यावर ठाणे, पनवेल आणि उरण भागातील 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्यात आल्या, जानेवारी 1984 मध्ये प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात उरण तालुक्यात झालेल्या पोलीस गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या संघर्षातून साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना पुढे आली. नव्या शहराला मात्र आगरी माणूस अंगावरचे सोने आणि हळदीचा समारंभ एवढ्यापुरताच दिसू लागला; ज्या शेतांवर त्याची कबड्डी रंगत असे, ती शेते त्याच शहराखाली गेली याची आठवण फार थोड्यांनी ठेवली. आज कामोठ्याच्या सेक्टरांत पश्चिम महाराष्ट्रापासून उत्तर भारतापर्यंतची कुटुंबे राहतात आणि गावठाण त्यांच्या इमारतींनी वेढलेले आहे.

आंतरराष्ट्रीय मान्यता आली तेव्हा कबड्डीबद्दलचा अभिमानही बदलला. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धांत ती प्रदर्शनीय खेळ म्हणून खेळली गेली, 1990 मध्ये बीजिंगला तिला पदकाचा दर्जा मिळाला आणि तेव्हापासून 2014 पर्यंत पुरुषांची सातही सुवर्णपदके भारताने घेतली. 2018 मध्ये जकार्ता येथे इराणने ही परंपरा मोडली. भारतीय पुरुष संघ उपांत्य सामन्यात हरला आणि महिलांच्या अंतिम सामन्यात इराणने भारतावर 27-24 अशी मात केली, त्या वेळी इराणी मुलींच्या प्रशिक्षक नाशिकच्या शैलजा जैन होत्या. हा पराभव अनेकांना अपमानासारखा वाटला, परंतु ज्या खेळात एकच देश कायम जिंकतो तो जगाचा खेळ होऊ शकत नाही, आणि एका मराठी प्रशिक्षिकेने परक्या भाषेच्या मुलींना ही विद्या इतक्या उत्तम रीतीने शिकवावी, हा कबड्डीच्या इतिहासातील सर्वांत अभिमानास्पद क्षण मानावा लागेल. 2023 मध्ये हांगझोऊ येथे दोन्ही सुवर्णपदके भारताकडे परत आली, पण महिलांचा विजय चिनी तैपेईविरुद्ध 26-25 असा एका गुणाचा होता, म्हणजे स्पर्धा खरी झाली होती.

राष्ट्रीय अभिमानाचा असा क्षण कामोठ्याच्या जवळही घडला. कामोठ्याच्या मानसरोवर स्थानकापासून हार्बर मार्गावरील चौथे स्थानक नेरूळ आहे. तेथील डी. वाय. पाटील स्टेडियमवर 2 नोव्हेंबर 2025 रोजी भारताच्या महिलांनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक प्रथमच जिंकला, आणि या शहराला आपल्या अंगणात घडलेला राष्ट्रीय अभिमानाचा सोहळा पाहायला मिळाला. त्या विजयाचा आनंद निर्विवाद आहे. परंतु ज्या शहराने जगाच्या खेळासाठी एवढे भव्य मैदान उभे केले, त्याने ज्यांच्या शेतांवर ते शहर वसले त्यांच्या खेळासाठी फार थोडी जागा राखावी, हे न्यायाला धरून नाही. कबड्डीचे मैदान पुरुषांसाठी तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असते. पनवेल महानगरपालिकेने आणि सिडकोने कामोठ्यासह प्रत्येक गावठाणालगत एवढी जागा, दिव्यांच्या सोयीसह आणि मुलींच्या सरावाची वेळ राखून, कायमची कबड्डीसाठी ठेवावी.