जोतीराव की ज्योतिबा? एका 'य'चा इतिहास

दरवर्षी ११ एप्रिल आणि २८ नोव्हेंबर जवळ आले की तोच वाद पुन्हा सुरू होतो. बॅनरवर 'ज्योतिबा' छापले की काही जण चिडतात. 'जोतीराव' लिहिले की दुसरे म्हणतात, "अक्षरांवरून काय भांडता? विचार घ्या!" विचार तर घ्यायचाच आहे. पण ज्यांचा विचार घ्यायचा त्यांचे नाव त्यांनी लिहिले तसे लिहायला अडचण काय? बहुजनांच्या नावांना नेहमी दुसऱ्यांनीच हात लावला आहे, म्हणून हा प्रश्न आम्हाला किरकोळ वाटत नाही.

आधी पुरावा पाहू. जोतीरावांचा जन्म १८२७ चा. कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीच्या जोतिबाची चैत्र यात्रा त्याच सुमारास असते, त्या दैवतावरून मुलाचे नाव ठेवले असे चरित्रकार सांगतात. जोतिबा म्हणजे शेतकऱ्यांचा, गुलालाचा, सासनकाठ्यांचा देव. त्या नावात 'य' नाही. जोतीरावांच्या पुस्तकांवर 'जोतीराव गोविंदराव फुले' असे नाव आहे. अखंडांत ते स्वतःला नुसते 'जोती' म्हणवतात. १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्यांनी खंडोबा, म्हसोबा, जोतिबा यांना बळीराजाच्या राज्यातले अधिकारी ठरवले आणि आपल्या लोकदैवतांचा इतिहास परत मागितला. म्हणजे ज्या नावाने त्यांना हाक मारली जायची, ते नाव त्यांच्या मांडणीत बळीच्या राज्याशी जोडलेले आहे.

बाबासाहेबांनी १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा इंग्रजी ग्रंथ ज्यांच्या स्मृतीला अर्पण केला, त्यांचे नावही तिथे 'जोतिबा' असेच छापले आहे, 'ज्योतिबा' नाही. धनंजय कीरांच्या इंग्रजी चरित्राच्या नावातही 'जोतीराव'च आहे.

मग 'य' आला कुठून? बोलीतला शब्द दिसला की त्याला अडाणी समजून संस्कृत करून टाकायचे, या जुन्या सवयीतून. 'ज्योती म्हणजे प्रकाश, किती छान अर्थ!' असे वर सांगितले जाते. अर्थ छान असेल, पण तो दुसऱ्याने चिकटवलेला आहे. एखाद्याची सही दुरुस्त करायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

नाशिककडचे मित्र इथे एक चांगला मुद्दा काढतात. लोक त्रिंबक म्हणतात, पाटीवर मात्र त्र्यंबकेश्वर असते. तिथे संस्कृत रूप चालते, मग इथे का नको? उत्तर सोपे आहे. तिथे 'त्र्यंबक' हे मूळ आणि 'त्रिंबक' ही बोली. गावाने कधी सही केलेली नाही, त्यामुळे तिथे दोन्ही रूपे सुखाने नांदतात. माणसांचे तसे नसते. दुसऱ्या बाजीरावाच्या कारभाऱ्याला इतिहासात त्रिंबकजी डेंगळे म्हणतात, त्याचे कोणी त्र्यंबकजी करत नाही. बालकवी ठोंबरे त्र्यंबक होते, त्यांचे कोणी त्रिंबक करत नाही. ज्याचे जसे नाव, तसे लिहायचे, हा साधा नियम. तो जोतीरावांच्याच बाबतीत का मोडतो?

साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचा प्रवेश झाला. रजिस्टरला नाव 'भिवा'. उद्या कोणी ते 'शुद्ध' करून भीमा लिहिले तर आपण ऐकून घेऊ का?

मात्र दोन गोष्टींत आम्ही हट्ट धरत नाही. एक, 'जोतिबा' की 'जोतीबा', 'जोतिराव' की 'जोतीराव'. ह्रस्व-दीर्घ हा छापखान्याचा आणि शुद्धलेखनाच्या नियमांचा विषय आहे, त्याने शब्द बदलत नाही. दोन, उत्तर प्रदेशातले भाऊ 'ज्योतिबा' म्हणतात. १९९७ साली मायावतींच्या सरकारने अमरोहा भागात 'ज्योतिबा फुले नगर' जिल्हा केला. हिंदीत ते नाव प्रेमाने, चळवळीतून पोचले. त्यांच्यावर हसायचे नाही. आपण मराठी माणसांनी मराठीत तरी बरोबर लिहावे, एवढेच.

'बा' की 'राव'? 'बा' लावला की देव होतो, म्हणून काहींना तो नको असतो. आम्हाला ते पटत नाही. 'बा' म्हणजे बाप. विठोबातला तो, तसाच चोखोबातलाही. ज्यांच्या आज्या-पणज्यांची नावे गावाने भिक्या, धोंड्या, कचऱ्या अशी ठेवली आणि त्याच तोऱ्यात हाका मारल्या, त्यांना 'या' आणि 'बा' यांतले अंतर समजावून सांगावे लागत नाही. तेव्हा लिहिताना सहीप्रमाणे जोतीराव, बोलताना मायेने जोतिबा. दोन्ही आपलेच.

आता 'विचार घ्या' म्हणणाऱ्यांसाठी पुन्हा त्रिंबककडे वळू. १९२० च्या दशकाच्या अखेरीस तिथे चोखोबांचे मंदिर बांधावे, असे आपल्याच लोकांनी ठरवत आणले होते. बाबासाहेबांसोबत चर्चा झाली आणि निष्कर्ष निघाला की अस्पृश्यतेचा कलंक धुऊन काढण्याचे काम हेच चोखोबांचे खरे स्मारक. देऊळ बाजूला राहिले आणि १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह उभा राहिला. धडा असा की नाव जपायचे ते पूजेसाठी नाही, कामासाठी.

म्हणून पुढचा बॅनर छापायला टाकण्याआधी तरुण कार्यकर्त्यांनी प्रूफ स्वतः तपासावे आणि 'ज्यो' दिसला तर 'जो' करावा. आणि त्याच दिवशी वस्तीतल्या एका तरी पोराच्या हातात 'शेतकऱ्याचा असूड' द्यावा. नाव आणि विचार, दोन्ही आपल्याच हातात असू द्या.

जय जोती! जय भीम!